पाचशे तबकड्या आणि रुळांवरची नाणी : माँट्रियलमधील एका ध्वनिमुद्रिकेचा इतिहास

कॅनडातील माँट्रियल शहरात ऑगस्ट १९९७ मध्ये ‘कॉन्स्टेलेशन’ या नुकत्याच सुरू झालेल्या रेकॉर्ड कंपनीने ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’ या वाद्यवृंदाची एक लाँग प्ले ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या ५०० प्रती निघाल्या, त्यांची वेष्टने हातांनी जुळवली गेली आणि वेष्टनातील पाकिटात आगगाडीच्या चाकांखाली चपटे केलेले एक सेंटचे नाणे ठेवण्यात आले. ‘एफ शार्प, ए शार्प, अनंत’ असे वाचले जाणारे तिचे शीर्षक दोन स्वरनामे आणि अनंताचे गणिती चिन्ह एवढ्यावरच थांबते. पुढील पाव शतकात ‘मर्यादित आवृत्ती’ ही संज्ञा संगीताच्या बाजारात मुद्दाम निर्माण केलेल्या टंचाईशी आणि त्या टंचाईतून चढणाऱ्या भावाशी जोडली गेली. या ध्वनिमुद्रिकेचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. तिची मर्यादा एका विशिष्ट वस्तीतून, हाताशी असलेल्या साधनांतून आणि दोन हातांना झेपेल एवढ्या श्रमातून आली, आणि तिचे रूप व तिचा अर्थ या दोहोंना त्या मर्यादेनेच आकार दिला.

या वाद्यवृंदाचे संगीत ‘पोस्ट-रॉक’ या प्रकारात मोडते. ब्रिटिश समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी १९९४ मध्ये ही संज्ञा रूढ केली. गिटार, बास आणि ड्रम ही रॉक संगीताची नेहमीची वाद्ये वापरायची, पण गायक, कडवे आणि धृपद यांवर उभा असलेला रॉकचा साचा बाजूला ठेवून नादाचा पोत, त्याची दाटी आणि त्याचा विस्तार यांवर रचना उभी करायची, असा या संगीताचा ढोबळ अर्थ सांगता येईल. अमेरिकेतील लुइव्हिलच्या ‘स्लिंट’ने १९९१ मध्ये काढलेली ‘स्पायडरलँड’ आणि त्याच वर्षीची लंडनच्या ‘टॉक टॉक’ची ‘लाफिंग स्टॉक’ या दोन ध्वनिमुद्रिका या प्रवाहाच्या उगमाशी मानल्या जातात, तर शिकागोच्या ‘टॉर्टस’ने त्याला जाझ आणि संपादित ध्वनीची जोड दिली. माँट्रियलच्या वाद्यवृंदाने या प्रवाहात व्हायोलिन आणि चेलो आणले, रस्त्यावर ध्वनिमुद्रित केलेली माणसांची बोलणी आणली, आणि अगदी मंद सुरुवातीपासून दहा-पंधरा मिनिटे चढत जाऊन कानठळ्या बसवणाऱ्या शिखराशी पोहोचणारी रचनापद्धती आणली. ख्याल गायनात विलंबितातून द्रुताकडे जाणारी बढत ज्या श्रोत्याच्या अंगवळणी पडलेली आहे, त्याला या सावकाश चढणीतील संयम परका वाटणार नाही.

हे संगीत ज्या वस्तीत घडले तिचा इतिहास प्रथम पाहणे आवश्यक आहे, कारण ध्वनिमुद्रिकेतील बऱ्याच गोष्टींची मुळे तेथे आहेत. माइल एंड हा माँट्रियलचा भाग मुळात शहराबाहेरचे स्वतंत्र गाव होता आणि १९१० मध्ये तो शहरात विलीन झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात तेथून लोहमार्ग गेला, पुढे तो कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या ताब्यात आला, आणि मालवाहतुकीची सोय झाल्यामुळे रुळांलगत तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या इटालियन, ग्रीक व पोर्तुगीज स्थलांतरितांनी या कारखान्यांत अनेक दशके शिवणयंत्रे चालवली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा व्यवसाय स्वस्त मजुरीच्या देशांकडे सरकू लागला, तेव्हा उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या आणि जाडजूड फरशीच्या या इमारतींचे मजलेच्या मजले रिकामे पडू लागले.

या आर्थिक कारणाला राजकीय कारणाची जोड मिळाली. क्वेबेक हा कॅनडाचा फ्रेंचभाषक प्रांत. १९७६ मध्ये तेथे स्वातंत्र्यवादी पार्टी क्वेबेक्वा सत्तेवर आली, १९७७ मध्ये फ्रेंचला सार्वजनिक व्यवहारात अग्रस्थान देणारा कायदा झाला, आणि अनेक मोठ्या कंपन्यांनी व इंग्रजीभाषक कुटुंबांनी टोरंटोची वाट धरली. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी प्रांताच्या सार्वभौमत्वावर दुसरे सार्वमत झाले, त्यात विरोधी मते ५०.५८ टक्के आणि बाजूची मते ४९.४२ टक्के पडली. इतक्या निसटत्या निकालानंतर शहराच्या भवितव्याविषयीची अनिश्चितता आणखी वाढली, गुंतवणूकदार हात राखून राहिले आणि जागांची भाडी उतरलेलीच राहिली. ज्या शहरात महिन्याचे भाडे थोडक्या कामात सुटते, त्या शहरात तरुण कलावंताकडे वेळ उरतो. नव्वदच्या दशकातील माँट्रियलच्या संगीताची भरभराट बव्हंशी या उरलेल्या वेळावर उभी आहे.

एफ्रिम मेनक, मॉरो पेझेंटे आणि माइक मोया या तिघांनी १९९४ मध्ये वाद्यवृंदाची सुरुवात केली. नाव घेतले ते जपानी दिग्दर्शक मित्सुओ यानागिमाची यांच्या १९७६ च्या माहितीपटावरून. ‘ब्लॅक एम्परर’ या मोटारसायकलस्वार तरुणांच्या टोळीचे चित्रण त्यात आहे. डिसेंबर १९९४ मध्ये त्यांनी पहिली ध्वनिफीत काढली, तिच्या केवळ ३३ प्रती निघाल्या. पुढे ती इतकी दुर्मीळ झाली की तिच्या अस्तित्वाविषयीच तर्कवितर्क चालत, आणि अखेर २०२२ मध्ये ती अधिकृतरीत्या सर्वांसाठी खुली करण्यात आली. सदस्यांची संख्या सुरुवातीच्या काळात सतत कमी-जास्त होत राहिली आणि दशकाच्या शेवटी ती नऊच्या आसपास स्थिरावली. कार्यक्रमात वादक अंधुक प्रकाशात बसून वाजवत आणि त्यांच्या मागे पडद्यावर १६ मिलिमीटरच्या चित्रफिती फिरत राहत. या फितींची टोके एकमेकांना जोडून गोल केलेली असल्यामुळे तेच दृश्य पुन्हा पुन्हा येई, आणि त्यांतल्या एका फितीवर ‘होप’, म्हणजे आशा, हा शब्द थेट खरवडून लिहिलेला होता. टोक नसलेल्या फितीची ही कल्पना पुढे तबकडीवरही उतरली.

वाद्यवृंदाचा तळ ‘होटेल टू टँगो’ या नावाच्या माडीवर होता. हे हॉटेल नव्हते. माइल एंडच्या टपाल संकेतांकाची पहिली तीन चिन्हे एच, दोन आणि टी अशी आहेत, आणि बिनतारी संदेशांत अक्षरे स्पष्ट कळावीत म्हणून वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्चारपद्धतीत एच या अक्षरासाठी ‘होटेल’ आणि टी या अक्षरासाठी ‘टँगो’ म्हणतात. आपल्या टपालपत्त्यालाच नाव म्हणून स्वीकारणाऱ्या या माडीवर राहणे, तालीम, कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रण हे सारे एकत्र चाले, आणि पहिल्या लाँग प्लेचे ध्वनिमुद्रणही तेथेच झाले. रूळ तेथून हाकेच्या अंतरावर होते.

कॉन्स्टेलेशन या कंपनीची उभारणी इयन इलाव्स्की आणि डॉन विल्की यांनी केली. जुन्या माँट्रियलमधील आपल्या माडीवर त्यांनी ‘म्युझिक फ्राझील’ या नावाने छोट्या कार्यक्रमांची मालिका चालवली आणि १९९७ मध्ये प्रकाशनाला हात घातला. पहिली दोन प्रकाशने इलाव्स्की यांच्याच ‘सोफा’ या वाद्यवृंदाची होती, आणि गॉडस्पीडची लाँग प्ले हे तिसरे. संस्थापकांची भूमिका आरंभापासून स्पष्ट होती. मोठ्या कंपन्यांच्या साखळीपासून दूर राहायचे, छपाई शक्यतो शहरातल्याच लहान कारागिरांकडून करून घ्यायची, कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्लास्टिकच्या डबीऐवजी जाड पुठ्ठ्याचे वेष्टन वापरायचे आणि जुळवणीचे काम स्वतः करायचे, हे त्यांनी धोरण म्हणून मांडले आणि पाळले. ज्या काळात कॉम्पॅक्ट डिस्कची विक्री शिखराकडे चालली होती आणि व्हायनल तबकडी मोठ्या दुकानांच्या फळ्यांवरून जवळपास हद्दपार झाली होती, त्या काळात एका अनोळखी वाद्यवृंदाचे पहिले मोठे काम केवळ तबकडीवर काढणे हा धाडसाचा निर्णय होता.

५०० या आकड्यामागचे व्यावहारिक गणित समजण्यासाठी तबकडी कशी घडते हे थोडक्यात पाहावे लागते. लाखेसारख्या मऊ लेपाची ॲल्युमिनियमची चकती प्रथम कर्तनयंत्रावर फिरवली जाते आणि तापवलेल्या धारदार टोकाने तिच्यावर सर्पिल चर कोरला जातो. या चराच्या दोन्ही भिंतींवरची सूक्ष्म वळणे म्हणजेच ध्वनी. या चकतीवर चांदीचा अतिशय पातळ थर देऊन तिच्यावर निकेल चढवतात, तो सोलून काढला की चराची उलटी, उंचवट्याची प्रतिमा मिळते आणि तिच्यापासून छपाईचे साचे बनतात. मग तापवून मऊ केलेला पीव्हीसीचा गोळा वरखाली दोन साच्यांमध्ये दाबला की काही सेकंदांत तबकडी तयार होते. खर्चाचा मोठा वाटा कर्तन आणि साचे यांत आधीच होऊन जातो, त्यामुळे फार थोड्या प्रती काढल्या तर एकेका प्रतीची किंमत आवाक्याबाहेर जाते आणि फार काढल्या तर न खपलेला माल घरात पडून राहतो. पाचशेच्या आसपासची संख्या छोट्या कंपन्यांच्या व्यवहारात बसणारी होती. त्यापलीकडे आणखी एक मर्यादा होती. जेवढ्या प्रती कारखान्यातून येणार, तेवढी वेष्टने मोजक्या माणसांना स्वतःच्या हातांनी पुरी करायची होती.

तबकडीच्या तांत्रिक मर्यादेने रचनेलाही वळण दिले. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या, बारा इंची लाँग प्लेच्या एका बाजूवर साधारण वीस मिनिटांचे संगीत चांगल्या ताकदीने मावते. त्याहून अधिक भरले तर चर दाटीवाटीने कोरावे लागतात आणि आवाज, विशेषतः खर्ज, दुबळा होतो. म्हणून या ध्वनिमुद्रिकेला दोनच खंड आहेत, बाजूला एक. सुटी गाणी नाहीत. पहिल्या बाजूची सुरुवात एका खोल, थकलेल्या पुरुषी आवाजातील स्वगताने होते, उद्ध्वस्त शहराचे वर्णन करणारे ते लेखन मेनक यांच्या एका अपूर्ण पटकथेतले आहे. स्वगत विरते आणि त्यामागून आगगाडीचा ध्वनी येतो. त्या अंशाला नावही संथ गाड्यांचेच दिलेले आहे. वाद्यसंगीताच्या या कृतीत मानवी शब्द अशा रीतीने येतो, पण या अंशात तो गीताचा भाग म्हणून येत नाही; ऐकू येणारे माणसाचे बोलणे आणि ऐकू येणारी गाडी यांचा दर्जा तेथे सारखाच आहे.

शीर्षकातील स्वरनामे दोन बाजूंच्या आरंभीच्या स्वरांकडे निर्देश करतात. महाराष्ट्रातील पेटीवादकांच्या भाषेत सांगायचे तर पहिली बाजू काळी तीनमध्ये आणि दुसरी काळी पाचमध्ये उघडते. अनंताचे चिन्ह मात्र दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे बोट दाखवते. सामान्य तबकडीत शेवटचा चर सुईला आत, कागदी चकतीच्या कडेशी घेऊन जातो आणि तेथे शांतता असते. येथे त्या शेवटच्या वर्तुळातही संगीत कोरलेले आहे, आणि ते वर्तुळ स्वतःलाच येऊन मिळते. याला बंद चर म्हणतात. त्याची लांबी गणिताने ठरलेली असते : मिनिटाला ३३⅓ फेऱ्या म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद, त्यामुळे बंद चरात नेमका तेवढाच ध्वनी मावतो. तंतुवाद्यांचा तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि श्रोत्याने उठून सुई उचलेपर्यंत थांबत नाही. बीटल्सनी १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर्स’च्या ब्रिटिश आवृत्तीच्या अखेरीस आणि लू रीड यांनी १९७५ मध्ये ‘मेटल मशिन म्युझिक’च्या शेवटी ही युक्ती वापरली होती, म्हणजे ती नवी नव्हती. नवे होते ते तिला कृतीच्या शीर्षकातच स्थान देणे. पिन अडकणे हा एरवी तबकडीचा दोष मानला जातो. येथे तोच रचनेचा समारोप झाला आणि तो करण्याची जबाबदारी वादकांकडून ऐकणाऱ्याकडे सोपवली गेली.

वेष्टनाकडे पाहिले की हाच विचार वस्तुरूपाने दिसतो. मुखपृष्ठावरचे छायाचित्र थेट पुठ्ठ्यावर छापलेले नाही. ते स्वतंत्र कागदावर असून हाताने चिकटवलेले आहे, त्यामुळे त्याच्या कडा बोटाला लागतात. आत कागदी पाकीट आहे आणि पाकिटात छापील चित्रे, जुन्या कार्यक्रमाची जाहिरात अशा चिठोऱ्यांबरोबर ते नाणे आहे. कॅनडाचे सेंट तेव्हा सुमारे १९ मिलिमीटर व्यासाचे होते. १९९६ पर्यंत पाडलेली नाणी जवळजवळ निखळ तांब्याची असल्यामुळे मऊ होती, आणि त्यांच्या एका अंगावर मेपलची पाने, दुसऱ्या अंगावर राणी एलिझाबेथ यांचा मुखवटा असे. रुळावर ठेवलेल्या अशा नाण्यावरून मालगाडी गेली की ते लांबट होऊन कागदासारखे पातळ पडते, मुखवटा ताणला जातो किंवा पार पुसला जातो, आणि कडा अनियमित होतात. चाकाचा भार, नाण्याची जागा आणि गाडीचा वेग दर वेळी वेगळा, म्हणून कोणतीही दोन नाणी सारखी होत नाहीत. साच्यातून निघालेल्या पाचशे तबकड्या एकमेकींच्या हुबेहूब नकला होत्या, पण पाकिटातल्या नाण्यामुळे प्रत्येक प्रत वेगळी झाली.

या नाण्याकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ज्या लोहमार्गाने माइल एंडला कारखाने दिले, ज्याच्या काठच्या इमारती कारखाने गेल्यावर कलावंतांच्या वाट्याला आल्या, त्याच लोहमार्गाच्या गाड्यांनी हे नाणे चपटे केले. चपटे झालेले नाणे चलन राहत नाही. त्याची खरेदीची शक्ती जाते आणि उरतो तो तांब्याचा तुकडा व त्यावरची जागेची खूण. बाजाराविषयीची कंपनीची आणि वाद्यवृंदाची भूमिका पत्रकात जितकी मांडता आली असती, त्याहून अधिक नेमकेपणाने ती या तुकड्यात आली आहे.

कृतीचा पुढचा प्रवास या पाचशे प्रतींच्या बाहेर झाला. शिकागोच्या ‘क्रँकी’ या १९९३ मध्ये सुरू झालेल्या कंपनीने जून १९९८ मध्ये तिची कॉम्पॅक्ट डिस्क काढली. त्या वेळी वाद्यवृंदाने जुने ध्वनिमुद्रण जसेच्या तसे उचलले नाही. नवे भाग घातले, क्रम बदलला आणि तीन दीर्घ खंडांत एक तासाहून थोडी मोठी अशी निराळी मांडणी केली. डिस्कवर बंद चर शक्य नसल्यामुळे शेवटही बदलला. दुसऱ्या खंडाला व्हँकुव्हरमधील ईस्ट हेस्टिंग्ज या दारिद्र्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याचे नाव मिळाले, आणि याच खंडातील एक भाग २००२ च्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ या डॅनी बॉईल यांच्या चित्रपटात, निर्मनुष्य लंडनमधून एकटा माणूस चालत जातो त्या प्रसंगी वापरला गेल्याने हे संगीत दूरवर पोहोचले. अशा रीतीने एकाच शीर्षकाखाली दोन कृती अस्तित्वात आल्या, कारण प्रत्येक माध्यमाच्या मर्यादेला वाद्यवृंदाने स्वतंत्र उत्तर दिले.

मूळ लाँग प्लेही पाचशेवर थांबली नाही, आणि या इतिहासातील ही सर्वांत बोलकी गोष्ट आहे. मागणी वाढली तशी कॉन्स्टेलेशनने तिच्या आवृत्त्या पुन्हा पुन्हा काढल्या, तबकडी विक्रीस उपलब्ध ठेवली आणि पाकीट व चपटे नाणे यांची परंपरा चालू ठेवली. पहिल्या पाचशेंपैकी प्रती संग्राहकांच्या बाजारात चढ्या भावाने जातात, परंतु तो भाव प्रकाशकाने घडवलेला नाही. ज्याला संगीत हवे होते, त्याला ते साध्या किमतीत मिळत राहील याची सोय प्रकाशकाने केली होती. तबकडीची बाजारातील स्थिती दरम्यान पूर्ण पालटली. २००८ पासून ‘रेकॉर्ड स्टोअर डे’च्या निमित्ताने दुकानांपुढे रांगा लावणाऱ्या खास आवृत्त्या निघू लागल्या, रंगीत व्हायनल, क्रमांकित वेष्टने, एका दिवसापुरती विक्री हे नित्याचे झाले, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या खपून १९८७ नंतर प्रथमच त्यांनी संख्येत कॉम्पॅक्ट डिस्कला मागे टाकले. या पुनरुज्जीवनाने लहान कंपन्यांना बळ दिले हे खरे, पण मोठ्या कंपन्यांच्या मागणीने कारखाने भरून गेल्यामुळे छोट्यांना महिनोन्महिने खोळंबावे लागले, हेही तितकेच खरे.

वस्तीही पालटली. ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली त्याच १९९७ साली ‘युबिसॉफ्ट’ या फ्रेंच व्हिडिओ गेम कंपनीने माइल एंडमधील एका जुन्या कपडा कारखान्याच्या इमारतीत आपले कार्यालय उघडले, आणि पुढील दोन दशकांत संगणक व्यवसायाबरोबर भाडीही वर चढली. होटेल टू टँगो २००० पासून रीतसर ध्वनिमुद्रणगृह झाले, ‘आर्केड फायर’ या वाद्यवृंदाची २००४ ची ‘फ्युनरल’ ही ध्वनिमुद्रिका तेथे तयार झाली, आणि २००७ मध्ये ते कॉन्स्टेलेशनसह त्याच परिसरातील नव्या जागेत गेले. सेंटचे नाणे पाडणे कॅनडाने मे २०१२ मध्ये थांबवले आणि फेब्रुवारी २०१३ पासून त्याचे वितरणही बंद झाले. त्याच २०१३ मध्ये वाद्यवृंदाला कॅनडाचा ‘पोलारिस’ पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी ३०,००० डॉलरची रक्कम क्वेबेकमधील कैद्यांसाठी वाद्ये घेण्याकरिता देण्याचे जाहीर केले. कमी साधनांत काम करण्याची सवय यश आल्यावरही मोडली नाही, याचे हे उदाहरण आहे.

या साऱ्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. एखाद्या प्रकाशनाच्या प्रती थोड्या असणे हे त्याच्या मोलाचे प्रमाण नव्हे. त्या थोड्या का आहेत हे पाहावे लागते. माँट्रियलच्या पाचशे प्रती थोड्या होत्या, कारण पैसा थोडा होता, हात थोडे होते आणि त्या हातांनी प्रत्येक प्रतीला वेळ द्यायचे ठरवले होते. त्या अडचणीला वाद्यवृंदाने आणि प्रकाशकाने रचनेचे अंग बनवले : बाजूच्या लांबीतून खंड आले, फेरीच्या कालावधीतून शेवट आला, शेजारच्या रुळांतून नाणे आले. पुढे साधने वाढली तेव्हा त्यांनी टंचाई राखून ठेवली नाही. लहान प्रकाशनांचा इतिहास लिहिताना किंमत आणि दुर्मीळता यांची नोंद सहज होते, पण कोणती वस्ती, किती भाडे, कोणते यंत्र आणि कोणाचे श्रम यांची नोंद राहून जाते. ही ध्वनिमुद्रिका त्या दुसऱ्या नोंदीचे महत्त्व पटवते, आणि छोट्या संस्थांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने कामाची सुरुवात तेथूनच करावी, असे तिच्या आधारे निश्चितपणे म्हणता येते.